दुपारचं पाणी

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठी सोसायटी आहे. तिच्या टॉवरांच्या मधोमध स्विमिंग पूल आहे आणि त्याची देखभाल राजाराम धुरी करतात. वॉचमनपासून कमिटीतल्या लोकांपर्यंत सगळे त्यांना नाना म्हणतात. पाणी गाळायचं, औषध घालायचं, तळ घासायचा, मोटार सांभाळायची, पोरांना ओरडायचं, असं त्यांचं काम. इतकी वर्षं पाण्याशेजारी काढूनही नानांना पोहता येत नाही. त्यांचं गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिथला व्हाळ, म्हणजे ओढा, शिमग्यानंतर आटायचा, पोहायला शिकणार कुठे? पुढे ते मुंबईत गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. गिरणी बंद पडली तेव्हा वॉचमनकी केली, एका प्लंबरच्या हाताखाली राहिले आणि तिथून या पुलावर आले.

त्यांची बायको प्रेमा मात्र खाडीकाठची, आचऱ्याकडची. तिचं आजोळ खाडीच्या पलीकडे होतं. होडी चुकली तर ती परकराचा काचा मारून पोहत पलीकडे जायची आणि ओल्या कपड्यांनी आजीसमोर उभी राहून शिव्या खायची. लग्न होऊन मुंबईला आल्यावर पाण्याचा आणि तिचा संबंध बादलीपुरता उरला. आधी चाळीतला नळ, मग देवीपाड्याला इमारतीत मिळालेल्या खोलीतला नळ. ती आसपासच्या घरी पोळ्या करायला जायची. नवऱ्याच्या नोकरीच्या जागी एवढं निळंशार पाणी भरलेलं आहे हे तिला माहीत होतं, पण त्यात आपण उतरावं असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते पाणी सोसायटीवाल्यांचं होतं.

एका सकाळी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि तशीच कोसळली. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, पण डावं अंग गेलं आणि जीभ जड झाली. बोलायची, पण एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवल्यागत.

घरी आणल्यावर नाना तिचं सगळं करू लागले. त्यांची एकुलती मुलगी श्रुतिका मुलुंडला दिलेली, एका लॅबमध्ये रक्ततपासणीच्या कामाला. ती रविवारी यायची, आईचे केस धुवायची, आठवड्याचं वाटण करून ठेवायची. बाकीचे दिवस शेजारीण लक्ष ठेवायची आणि नाना ड्यूटी आणि घर अशा फेऱ्या मारायचे. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या प्रेमाला भिंतीला धरून उभं करायच्या आणि प्रेमाचा डावा पाय फरशीवर पोतं ओढल्यासारखा मागे राहायचा. त्या गेल्या की प्रेमा भिंतीकडे तोंड करून झोपायची.

सोसायटीच्या सेक्रेटरी श्वेता यांच्या वडिलांनाही हेच दुखणं झालं होतं. बाई तोंडाने फटकळ, पण नानांना उशीर का होतो हे त्यांनी एकदा नीट विचारलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, काकूंना पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, माझे वडील तसेच सुधारले. दुपारी पूल बंदच असतो, तेव्हा आणा. कमिटीतल्या काही जणांनी नाकं मुरडली, पण श्वेता यांनी ते आपल्या अंगावर घेतलं. पुलाच्या नियमाप्रमाणे पोहण्याचा पोशाख लागतो, म्हणून स्वतःचा लांब बाह्यांचा एक आणून दिला. श्रुतिकाने तो आईला चढवला तेव्हा आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच प्रेमा हसली. इतकी हसली की तिला खुर्चीत नीट बसवायला दोघं लागली.

नानांनी तिला रिक्षाने आणलं, चाकाच्या खुर्चीतून पुलाच्या उथळ बाजूला नेलं आणि हाफ पँटीत स्वतः आधी पाण्यात उतरले. वॉचमनच्या मदतीने तिला आत घेतलं. पाणी तिच्या कमरेच्या वर आलं. ती एका हाताने नानांच्या खांद्याला घट्ट धरून उभी होती. मग तिने खाली पाहिलं. पाण्याखाली तिचा डावा पाय हलला. आधी तरंगल्यासारखा वर आला, मग पुढे गेला आणि तळाला टेकला. नानांना वाटलं, पाण्यानेच ढकलला असेल. पण तिने पुन्हा उचलला.

त्या दिवसापासून रोजची दुपार तिची झाली. टॉवरांच्या सावल्या पाण्यावर पडायच्या, वरच्या कुठल्या तरी घरातून कुकरची शिटी ऐकू यायची आणि ही दोघं पुलाच्या उथळ भागात या कडेपासून त्या कडेपर्यंत चालायची. लग्नानंतर त्या दोघांनी एकमेकांचा हात धरून असं चालल्याचं नानांना आठवत नव्हतं. काही आठवड्यांनी प्रेमा म्हणाली, मला पाठीवर पडू द्या. नाना घाबरले. त्यांनी तिच्या पाठीखाली दोन्ही हात धरून ठेवले.

"हात सोडा," ती म्हणाली. "माका पाणी वळाखता."

नानांनी हात काढले आणि ती तरंगत राहिली. कान पाण्यात, डोळे मिटलेले, तोंडावर ऊन. छातीपर्यंतच्या पाण्यात उभे असलेले नाना तिच्या बाजूने जपून पावलं टाकत चालत होते, जणू तीच त्यांना चालवत होती. घरीही फरक पडू लागला. भिंतीला धरून ती मोरीपर्यंत जाऊ लागली. एकदा नाना ड्यूटीवरून आले तर ती ओट्यापाशी खुर्ची टेकवून एका हाताने तांदूळ निवडत बसली होती.

त्याच सुमारास कमिटीने पुलाभोवतीच्या जुन्या लाद्या काढून नवा दगड बसवायचं ठरवलं. कंत्राटदार आला, त्याची माणसं ब्रेकर मशीन घेऊन आली आणि त्यांच्यावर देखरेखीला सुयोग नावाचा सुपरवायझर आला. तिशीचा, चष्मेवाला, हळू बोलणारा. काम निम्म्या निम्म्या भागात चाललं होतं, त्यामुळे पूल भरलेलाच ठेवला होता. ब्रेकरच्या आवाजाने प्रेमा दचकते हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने न सांगताच दुपारचं फोडकाम बंद ठेवलं. प्रेमा पाण्यात असेपर्यंत माणसांना तो पलीकडे दगड कापायला लावायचा. जाता येता विचारायचा, "काय काकू, आज किती फेऱ्या?" प्रेमाला तो फार आवडला. घरी गेल्यावर म्हणायची, त्या पोराला कुणी चांगलं वळण लावलंय.

मध्ये एक दिवस नानांनी रजा घेतली, प्रेमाला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टर खूश होते. म्हणाले, असंच चालू ठेवा, दिवाळीपर्यंत काठीने चालतील. दुसऱ्या दिवशी नाना कामावर आले तेव्हा पंपाच्या खोलीकडच्या बाजूला नवा दगड बसलेला होता. काम बरंच पुढे गेलं म्हणून त्यांना बरं वाटलं. थोड्या दिवसांत कंत्राटदार सगळं आवरून निघून गेला.

मग पाणी कमी व्हायला लागलं. आधी नानांना वाटलं, उन्हाळा आहे. त्यांनी पाणी भरलं. पुन्हा कमी झालं. त्यांनी पंप उघडून पाहिला, सील बदललं, जाळ्या साफ केल्या. पाणी उतरतच राहिलं. टँकर मागवावे लागले, तशी सोसायटीत कुरकुर सुरू झाली आणि एका संध्याकाळी कमिटीने नानांना क्लबहाउसमध्ये बोलावलं. चौथ्या टॉवरमधल्या एका गृहस्थांनी सरळच सांगितलं की फिल्टर धुतल्यावर हा माणूस व्हॉल्व्ह उघडा ठेवतो आणि पाणी गटारात जातं. याचं लक्ष कामात नाही, दुपारभर बायकोत असतं. नोकरीच्या जागेचा दवाखाना करून ठेवलाय.

नानांनी श्वेता यांच्याकडे पाहिलं. त्या समोरच्या कागदांकडे बघत होत्या. त्यांनाही खरं काय ते कळत नव्हतं, आणि प्रेमाला परवानगी त्यांनीच दिली होती, त्यामुळे त्यांचीही बाजू लंगडी पडली होती. शेवटी ठरलं की नानांना कामावरून काढायचं नाही, पण दुपारचं ते सगळं बंद.

  नानांना स्वतःचीच खात्री वाटेना. साठी उलटली होती, घरात आजारपण होतं, झोप धड नव्हती. राहिलाही असेल एखाद वेळी व्हॉल्व्ह उघडा. त्यांनी तो तारेने बांधून टाकला, आणि तरी जेवताना मध्येच उठून ते तो बघायला जायचे. तार जागच्या जागी असायची आणि पाणी उतरलेलं असायचं.

प्रेमाला त्यांनी एवढंच सांगितलं की पूल दुरुस्तीसाठी बंद आहे. श्रुतिकाचं म्हणणं होतं, आईला खरं सांगा. नाना म्हणाले, तिच्यामुळे मला चारचौघांत बोलणी बसली हे तिला कळलं तर ती पूल उघडल्यावरही येणार नाही.

काही दिवसांनी तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. गाड्यांवर पांढरे ओघळ आले, तेव्हा कुठे सोसायटी जागी झाली. घाटकोपरहून भाऊराव नावाचे गळती शोधणारे गृहस्थ आले. त्यांनी कानाला यंत्र लावून पुलाभोवतीचा दगड ऐकला, पाण्यात रंग सोडून तो कुठे ओढला जातो ते पाहिलं आणि पंपाच्या खोलीकडची बाजू फोडायला सांगितली. नवा दगड उचलला, खालचं सिमेंट फोडलं. आत पुलाकडे पाणी नेणारा पाइप चेचलेला होता. त्याच्या मागे पुलाच्या भिंतीला चीर गेली होती, पार तळापर्यंत.

नाना खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण कंत्राटदाराने हात झटकले. म्हणाला, पाइप जुना होता, भिंत जुनी होती, आम्ही फक्त वरचा दगड बसवला. चौथ्या टॉवरवाले गृहस्थ म्हणाले, पाइप फुटला असेल, पण म्हणून व्हॉल्व्ह उघडा राहत नव्हता असं थोडंच आहे. पूल रिकामा केला गेला आणि दुरुस्तीचा भार कुणी उचलायचा यावर वकिलांपर्यंत गोष्ट गेली. महिनेच्या महिने पूल कोरडा पडून राहिला. वाऱ्याने उडून आलेली पार्कातली पानं तळाशी साचायची. नाना ती झाडून काढायचे. त्यांना दुसरं काम नव्हतं.

घरी प्रेमा रोज विचारायची, पाणी कधी भरणार. मग रोज विचारेनाशी झाली. व्यायामाच्या बाई आल्या की ती डोळे मिटून घ्यायची. एकदा मोरीत जाताना तिचा तोल गेला. हाड मोडलं नाही, पण भीती जी बसली ती गेली नाही. त्यानंतर ती उभी राहायलाच तयार होईना. पडून पडून डावा पाय गुडघ्यात वाकला आणि तसाच आखडला. नाना तेल लावून तो सरळ करायला बघायचे, तर ती ओरडायची नाही, नुसतं त्यांच्या मनगटाला धरायची. मग नाना थांबायचे.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी सुयोग आला. नाना कोरड्या पुलात उतरून झाडत होते. तो काठावर येऊन उभा राहिला. नानांनी वर पाहून ओळखलं आणि विचारलं, इकडे कसा. त्याने सांगितलं की आपण ती नोकरी सोडली. मग म्हणाला, सोसायटीच्या एका वॉचमनकडून तुमच्यावर काय आळ आला ते कळलं. तो पायऱ्या उतरून खाली आला, नानांच्या समोर उभा राहिला.

"नाना, तुम्ही रजेवर होता त्या दिवशी ब्रेकर पाइपवर बसला," तो म्हणाला. "पाणी उसळून वर आलं. मी आमच्या कंत्राटदार साहेबांना फोन केला. ते म्हणाले, बुजव आणि दगड बसव. मी उभा राहून बुजवून घेतलं."

"भिंतीची चीर?"

"दिसली होती."

नानांच्या हातात लांब दांड्याचा ब्रश होता. त्यांनी तो भिंतीला टेकवून ठेवला. त्यांना या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि तेही करण्याचं बळ अंगात नाही असंही वाटलं. त्यांनी त्याला एवढंच सांगितलं की चल माझ्याबरोबर.

देवीपाड्यापर्यंत दोघं चालत गेले.  नानांनी मनात सगळं ठरवलं होतं. याला तिच्या खाटेसमोर उभा करायचा, चादर बाजूला करून तो वाकलेला पाय दाखवायचा आणि म्हणायचं, बघ, हे तू बुजवलंस.

दार उघडून ते आत गेले. प्रेमा जागी होती. सुयोगला पाहून तिने डोळे बारीक केले आणि मग तिच्या चेहऱ्याची हलणारी अर्धी बाजू उजळली. आजारपणात माणसांची नावं ती विसरायची, पण हा तिला आठवला.

"मशीन बंद करणारो," ती म्हणाली. "ये रे. बस." मग नानांकडे वळून, एकेक शब्द जुळवत, "जेवलो नसतलो हो. त्येका वाढा."

नाना तिथेच उभे राहिले. ती पुन्हा म्हणाली, वाढा ना. त्यांनी ताट घेतलं. सकाळी केलेला भात होता, सोलकढी होती. त्यांनी ते सुयोगच्या पुढे ठेवलं. तो खाली बसला, पण हात ताटाकडे जाईना. प्रेमा त्याच्याकडे बघत होती. घरी कोण कोण असतं, विचारत होती. त्याने सांगितलं, आई आहे, बायको आहे, लहान मुलगी आहे. मुलीला पोहायला शिकव, प्रेमा म्हणाली, पोरींना पाणी यायला पाहिजे. त्याने मान हलवली आणि भात कालवायला घेतला. तो जेवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिला दिसू नये म्हणून नाना मध्ये जाऊन उभे राहिले. ज्यासाठी त्याला आणलं होतं त्यातलं एक अक्षरही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

जिन्यात सुयोगने विचारलं, मी काय करू.

"मला सांगितलंस ते त्यांना सांग," नाना म्हणाले. "आणि परत इथे येऊ नको. ती तुझ्याशी चांगलं बोलेल. ते मला बघवणार नाही."

सुयोग त्याच दिवशी श्वेता यांच्याकडे गेला आणि कमिटीसमोर सगळं बोलला. कंत्राटदाराचं तोंड बंद झालं, त्याने दुरुस्ती कबूल केली. काम भाऊरावांच्या माणसांनी केलं. चेचलेला पाइप काढून नवा टाकला. भिंतीची चीर आधी आणखी रुंद कापली, मग तिच्यात सिमेंटचा मसाला भरला, वरून पाणी अडवणारे थर चढवले, ते सुकू दिले, पुन्हा चढवले. प्रत्येक गोष्टीला वेळ लागत होता आणि नाना त्या माणसांना लवकर करा असंही म्हणू शकत नव्हते, कारण घाई केलेल्या कामाचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. टाइल्स बसल्या, पूल भरला. पाण्याच्या पातळीशी त्यांनी टाइलवर पेन्सिलने रेघ मारली. पाणी रेघेवरून हललं नाही.

श्वेता स्वतः पंपाच्या खोलीत आल्या. एरवी त्या उभ्या उभ्या हुकूम सोडून जायच्या, त्या दिवशी औषधाच्या ड्रमवर बसल्या. म्हणाल्या, त्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. नाना म्हणाले, जाऊ द्या. त्या म्हणाल्या, उद्यापासून काकूंना आणा, कोण अडवतो ते मी बघते.

नानांनी श्रुतिकाला फोन करून बोलावून घेतलं. तिने रजा टाकली. दोघांनी मिळून प्रेमाला तयार केलं. लांब बाह्यांचा तो पोशाख आता अंगावर लोंबत होता. आखडलेला पाय त्यात घालताना खूप वेळ लागला. कुठे नेताय, ती विचारत होती. पाण्यात, श्रुतिका म्हणाली, आई, तुझं पाणी भरलंय. प्रेमाने डोळे मिटून घेतले.

दुपारचीच वेळ होती. पूल गच्च भरलेला, नव्या टाइल्समुळे जास्तच निळा. नाना आधीसारखेच पाण्यात उतरले आणि वॉचमनने व श्रुतिकाने प्रेमाला त्यांच्या हातात दिलं. पाणी पायाला लागताच तिचं सगळं अंग ताठ झालं. तिने नानांच्या गळ्याला मिठी मारली, उजव्या हाताची नखं त्यांच्या मानेत रुतली. नाना तिच्या कानाशी बोलत राहिले, काही नाही, मी आहे, बघ, उथळच आहे. तिने खाली पाहिलं. डावा पाय पाण्यातही गुडघ्यात वाकलेला होता, पोटाशी घेतल्यासारखा. तो तरंगला नाही की हलला नाही. नानांनी तिला पाठीवर घेण्याचा प्रयत्न केला. तिच्या कानाला पाणी लागलं आणि ती लहान मुलासारखी किंचाळली.

"माका भायर काढा," ती म्हणाली. "भायर काढा. माका भिया वाटता."

"थोडं थांब गं," नाना म्हणाले. "हळूहळू येईल. पूर्वी येत होतं ना?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती खूप थकलेली होती.

"आता नाय येवचा," ती म्हणाली. "तुमी कित्याक रडतास?"

आपण रडतोय हे नानांना तोवर कळलंच नव्हतं.

त्यांनी तिला बाहेर काढलं. श्रुतिकाने टॉवेलमध्ये गुंडाळून तिला छातीशी धरलं आणि पुसत राहिली. नाना पाण्यातच उभे होते. वॉचमनने हात पुढे केला तरी त्यांना बाहेर यावंसं वाटेना. मग प्रेमानेच हाक मारली, थंडी वाजते, घरी चला. तेव्हा ते आले.

दुसऱ्या दिवशी श्वेता यांनी विचारलं तर नाना म्हणाले, तिला आता गरज नाही. श्वेता यांना वाटलं, काकू बऱ्या झाल्या. मग नानांचा चेहरा पाहून त्यांना समजलं.

मार्गशीर्षात प्रेमा गेली. पहाटे चहा घेऊन नाना खाटेपाशी गेले तेव्हा ती गेलेली होती, चेहरा भिंतीकडे. श्रुतिका मुलुंडहून येईपर्यंत ते तिचा पाय सरळ करत बसले होते. आता तिला दुखणार नव्हतं, आणि तरी तो सरळ होत नव्हता. शेजारणीने त्यांना हाताला धरून उठवलं. स्मशानात सुयोग आला होता. गर्दीच्या मागे, हात जोडून उभा होता. नानांनी त्याला पाहिलं. जवळ बोलावलं नाही, पण जा असंही सांगितलं नाही. तो राख होईपर्यंत थांबला.

तेरावं झाल्यावर श्रुतिका वडिलांना मुलुंडला घेऊन गेली. जावई चांगला, घरात मान होता. पण नाना तिथे टिकले नाहीत. आठवड्याभरात परत आले आणि कामावर उभे राहिले. श्रुतिकाला ते समजेना. ज्या जागेने तुम्हाला एवढं सोसायला लावलं, तिथेच का जाता, असं तिने एका रविवारी त्यांना विचारलं. ती तेव्हा आईच्या साड्या आवरत होती.



"घरी बसलो की तिची हाक ऐकू येते," ते म्हणाले. "पंपाच्या खोलीत मोटार चालू असली की काही ऐकू येत नाही. माझंही कुणाला ऐकू जात नाही."

श्रुतिकाने हातातली साडी तशीच मांडीवर ठेवली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. आता रविवारी येते तेव्हा ती आधी सोसायटीत जाते, पंपाच्या खोलीचं दार ढकलते आणि वडील उठेपर्यंत ड्रमवर त्यांच्या शेजारी बसून राहते.